साडेबाराचा खेळ

मासळीच्या दुकानातून चार दिवस रजा काढताना
कारण लिहिलं: घरगुती.
अगदीच खोटं नव्हतं ते.
दर नोव्हेंबरात, हिहोनहून सुटणाऱ्या सातच्या बसने
डोंगराच्या पोटातल्या या गावात येते मी
भुतं बघायला.
माझ्या हाताचा वास
इथे कुणाच्या नाकात जात नाही.

खाण बंद पडून एकवीस वर्षं झाली.
कामगारांच्या सभागृहात आता वर्षातले चार दिवस
नुसतं रक्त सांडतं.
सतरा चित्रपट, गळ्यात दोरीचं ओळखपत्र,
त्यावर माझं आडनाव यंदाही
एका अक्षराने तोकडं.

आम्ही तेच ते तीस-पस्तीस जण.
दंतवैद्य नेल, ज्याला फक्त रबरी राक्षस चालतात;
संगणकातला दिसला
की उठून सिगारेट ओढायला जातो.
एरुंदिना विणकाम घेऊन बसते,
मुंडकं उडालं की टाके मोजते.
आणि ते दोघे भाऊ, जमिनीवरून अबोला धरलेले,
इथे मात्र एकच कोट दोघांच्या गुडघ्यांवर.
घरी सगळं बरं ना, असं
आमच्यात कुणी कुणाला विचारत नाही.
विचारतो: कालचा शेवट पटला का?

दाराशी तिकिटं फाडतो शुआकू.
बत्तीस वर्षं खाली होता.
"तुम्ही पैसे देऊन घाबरता," म्हणतो,
"आम्हाला त्याचा पगार मिळायचा."
आणि तिकिटाचा अर्धा तुकडा तळहातावर असा ठेवतो
जणू हजेरीचा पितळी बिल्ला.

शनिवारी साडेबाराचा खेळ खाणीचाच होता.
शुआकू पहिल्यांदाच आत आला,
माझ्या शेजारी बसला, टोपी मांडीवर.

भुयार. कंदील विझला.
सभागृह किंचाळलं, मनापासून, आनंदाने.
तो कानाशी म्हणाला, "असा नाही विझत.
आधी ज्योत निळी टोपी घालते."

राक्षस आला. आठ पायांचा, चिकट,
नेलच्या पसंतीचा, शिवण दिसणारा.
शुआकू हसला, खोकला लागेपर्यंत हसला.
"एवढं धूड? आमच्या थरात वळलं असतं का हे?
आम्ही कुशीवर सरपटायचो!"
पुढच्या रांगेतून कुणीतरी शूऽऽ केलं.

मग मध्येच एक प्रसंग.
वर, गावात, स्वयंपाकघर.
बाई कांदा चिरतेय.
लांब भोंगा वाजतो, अवेळी.
ती सुरी खाली ठेवते. हात पुसते.
पुसलेला हात पुन्हा पुसते.

कुणी किंचाळलं नाही.
कुणाचं तरी वेफर्सचं पाकीट चुरचुरत राहिलं.
एरुंदिनाच्या सुया थांबल्या होत्या.
आणि माझ्या मनगटावर शुआकूचा हात,
कातडीखाली कोळशाचे निळे ठिपके मुरलेला,
मला दुखेल एवढा घट्ट.

दीड मिनिट असेल फार तर.
मग राक्षस परत आला
आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

बाहेर पडताना मतांच्या चिठ्ठ्या:
एक ते पाच, हवा तो आकडा फाडायचा.
आयुष्यभर दुसऱ्यांची तिकिटं फाडल्यासारखा सराईत तो,
पण चिठ्ठी हातात धरून उभाच राहिला.
"हे गुण राक्षसाला द्यायचे," म्हणाला, "की कांद्याला?"
मी म्हटलं, सगळ्याला मिळून.
"मग राहू दे."
अख्खी चिठ्ठी टोपीत घालून
दिवे बंद करायला गेला.

नेलने पाच दिले. मी चार.
सिद्राच्या बाटल्या फुटेस्तोवर भांडलो आम्ही
राक्षसाच्या सातव्या पायावरून.

सोमवारी बांगड्याच्या पोटात माझी सुरी,
आणि बंदरात भोंगा.
बारा वाजले होते, इतकंच.
"बाई," समोरचं गिऱ्हाईक म्हणालं,
"कापताय ना?"